गरोदरपणात हिमोग्लोबिन कमी असेल तर

पहिल्या तपासणीचा रिपोर्ट हातात येतो. हिमोग्लोबिनपुढे ९.२ असा आकडा आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण छापलेला असतो. लगेच घरी फोन जातो, 'रक्त कमी सांगितलंय'. संध्याकाळपर्यंत बीट, डाळिंब आणि खजूर घरात आलेले असतात. गोळ्यांचे पाकीट मात्र पिशवीतच राहते. हा लेख मुख्यतः त्या पाकिटाबद्दल आहे.

'रक्त कमी' म्हणजे काय?

गरोदरपणात रक्ताचे एकूण प्रमाण कमी होत नाही, उलट वाढते. रक्तातला पातळ भाग जवळजवळ दीडपट होतो, तांबड्या पेशी मात्र तेवढ्या वाढत नाहीत. आमटीत पाणी वाढवले की ती जशी पातळ लागते, तसे रक्त थोडे पातळ होते. त्यामुळे मधल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन थोडे उतरणे हे नैसर्गिक आहे. ठरलेली मर्यादा अशी: गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) समजायचा, मधल्या तिमाहीत १०.५ पर्यंत चालते. १० ते १०.९ हा सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय.

तुम्ही एकट्याच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इतका सर्रास आढळतो, म्हणूनच तो कुणाला आजार वाटत नाही. 'बायकांचं रक्त कमीच असतं' हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

हिशेब का बसत नाही?

एका गरोदरपणाला साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले सुमारे ३०० बाळ आणि वार घेतात, ५०० आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी खर्च होते आणि उरलेले रोजच्या झिजेत जाते. दिवस राहताना स्त्रीच्या शरीरात लोहाची शिल्लक फार तर ३०० मिलिग्रॅम असते. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल, दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल किंवा घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवायची सवय असेल, तर तीही नसते. ही तूट नुसत्या जेवणातून भरून निघत नाही. म्हणून हिमोग्लोबिन चांगले असले तरी प्रत्येक गरोदर स्त्रीला लोहाची गोळी देतात.

थकवा, धाप, चक्कर, माती किंवा खडू खावासा वाटणे ही लक्षणे आहेत, पण शरीर हळूहळू सवय करून घेते. हिमोग्लोबिन ७ असलेली बाई शेतात खुरपणी करताना मी पाहिली आहे. खरी परीक्षा प्रसूतीच्या वेळी होते. साध्या प्रसूतीतही पाव ते अर्धा लिटर रक्त जाते, सिझेरियनमध्ये त्याहून जास्त. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईला ते सोसते. ६ असलेल्या बाईच्या हृदयावर तेवढ्याने ताण येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याचा धोकाही वाढतो.

गोळी कशी घ्यायची

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अ‍ॅसिड देतात. चौथ्या महिन्यापासून ही लाल गोळी रोज एक, निदान १८० दिवस. रक्तक्षय असेल तर रोज दोन. औषधाच्या दुकानातल्या महाग गोळीतही कामाचा भाग तोच असतो. पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न' किती हे बघा. मोजायचे ते तेवढेच.

गोळी घेण्याची वेळ महत्त्वाची आहे. उपाशीपोटी लोह सर्वांत चांगले शोषले जाते, पण मळमळ होत असेल तर जेवणानंतर एक-दोन तासांनी किंवा रात्री झोपताना घ्या. पाण्याबरोबर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर आणखी चांगले. चहा, कॉफी, दूध यांच्याबरोबर घेऊ नका. आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. कॅल्शियम जेवणाबरोबर सकाळ-संध्याकाळ आणि लोह झोपताना, ही विभागणी बहुतेकींना जमते. (सुरुवातीची काही वर्षे मी स्वतः दोन्ही गोळ्या एकाच ओळीत 'जेवणानंतर' अशा लिहून देत असे. ती माझी चूक होती.)

शौचाला काळी होईल. ते न शोषलेले लोह असते, घाबरू नका. बद्धकोष्ठता झाली तर पाणी, पालेभाज्या, भिजवलेल्या काळ्या मनुका. तरीही त्रास असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, काहींना एक दिवसाआड देऊनही भागते.

गोळ्या पिशवीत का राहतात?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सातव्या महिन्यातली एक मुलगी यायची. हिमोग्लोबिन ८.४, पुढच्या महिन्यात ८.३, त्याच्या पुढे ८.१. दर वेळी मी विचारायचो, 'गोळ्या घेतेस ना?' ती मान हलवायची. मी गोळी बदलली, जास्त ताकदीची दिली. शेवटी तिच्याबरोबर आलेल्या सासूबाईच म्हणाल्या, 'आम्हीच नको म्हटलं, डॉक्टर. त्यानं पोर काळं होतं म्हणतात, आणि मोठं झालं की शिजर करावं लागतं.' त्या बाईंनी ते वाईट हेतूने केले नव्हते. तीन महिने मी त्यांना एक शब्दही विचारला नव्हता, चूक तिथे होती. शेवटच्या महिन्यात शिरेतून लोह द्यावे लागले आणि प्रसूती रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात करावी लागली. आई-बाळ सुखरूप घरी गेले, पण घरातल्या सगळ्यांचे ते आठ दिवस फार काळजीत गेले.

तेव्हापासून मी 'घेता का' असे विचारत नाही. पाकीट आणायला सांगतो आणि उरलेल्या गोळ्या मोजतो.

तेव्हा स्पष्ट सांगतो: बाळाचा रंग आईवडिलांच्या वंशातून येतो, लोहाच्या गोळीतून नाही. गोळीमुळे बाळ इतके मोठे होत नाही की प्रसूती अडावी. सासूबाई, आई, जाऊबाई हा लेख वाचत असतील तर त्यांनी, आणि नवऱ्यांनीही, रात्री गोळी स्वतःच्या हाताने आणून द्यावी. याहून उपयोगी डोहाळे पुरवणे दुसरे नाही.

जेवणाचे काय?

बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा नुसता रंगाचा हिशेब झाला. बीट आणि डाळिंबात लोह फार थोडे असते. खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. बाजरीची भाकरी, मटकी-चवळी, हरभरे, हिरव्या पालेभाज्या, तीळ यांत ते जास्त आहे. वनस्पतींमधले लोह शोषले जायला 'क' जीवनसत्त्व लागते, म्हणून मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा किंवा पेरूची फोड ठेवा. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. ही एक गोष्ट पाळली तरी फरक पडतो. मांसाहारी असाल तर मटण, चिकन, सुकट, मासळी नीट शिजवून खा, त्यातले लोह सहज अंगी लागते. लोखंडी कढईत भाजी करणे चांगलेच. नाचणी उत्तम आहे, पण मुख्यतः कॅल्शियमसाठी.

दूध-दही-अंडी फारशी न खाणाऱ्या शाकाहारी स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वही कमी असते. तेव्हा नुसत्या लोहाने हिमोग्लोबिन पूर्ण वर येत नाही.

महिनाभराने आकडा हलला नाही तर

दोन गोळ्या नियमित घेतल्या तर महिन्याला साधारण एका ग्रॅमने हिमोग्लोबिन वाढायला हवे. वाढले नाही, तर कारण शोधायला हवे. शेतात अनवाणी काम करणाऱ्या स्त्रियांना आकडीच्या जंतांचा त्रास असतो. चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोलची एक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. मूळव्याधीतून रक्त जात असेल तर लाज न बाळगता सांगा. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल आजार बराच आढळतो, सिंधी, कच्छी आणि इतरही काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक असतात. ही तपासणी खरे तर पहिल्याच भेटीत व्हावी. तुम्ही वाहक निघालात तर पतीची तपासणी त्याच आठवड्यात करा; दोघेही वाहक असतील तर बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते आणि पुढच्या तपासण्यांसाठी दिवस थोडे असतात.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, किंवा दिवस भरत आले आणि वेळ उरला नसेल, तर चौथ्या महिन्यानंतर शिरेतून लोह देता येते. ते रुग्णालयातच घ्यायचे. शेवटच्या तीन महिन्यांत ७ च्या खाली असेल तर दाखल व्हावे लागते. ५ च्या खाली असेल तर केव्हाही, आणि मग रक्त द्यावे लागते.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडणे, चेहऱ्यावर सूज, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीला प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तारीख आशाताईंना विचारून पक्की करा.

बाळंतपणानंतर

बाळ झाले की गोळ्या बंद होतात, आणि पुढच्या खेपेचा रक्तक्षय तिथेच सुरू होतो. बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची आहे. अळिवाचे लाडू जरूर खा, पण गोळीऐवजी नाही. पुढच्या बाळासाठी निदान दोन-तीन वर्षांचे अंतर ठेवा. त्यासाठी तांबी किंवा दुसरे कोणते साधन, हे प्रसूतीआधीच दोघांनी बोलून ठरवा.

आणि घरात लहान मूल असेल तर पाकीट उशाखाली किंवा फ्रिजवर ठेवू नका, कपाटात कुलपात ठेवा. लाल गोळी मुलांना चॉकलेटसारखी दिसते, आणि मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. मुलाने गोळ्या खाल्ल्याची शंका जरी आली, तरी उलटी होण्याची वाट न पाहता पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.