मुंबईच्या सरकारी चाळी : स्वामित्व व भाडें

कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणांत, आठव्या अध्यायांत, भाड्यानें राहणाऱ्या माणसासंबंधीं एक लहानसा परंतु मार्मिक नियम आला आहे. भाड्यास तेथें ‘अवक्रय’ हा शब्द आहे. अवक्रय देणाऱ्यास घरधन्यानें घराबाहेर काढल्यास तो दंडास पात्र होतो. मात्र भाडेकरूनें शिवीगाळ, चोरी, साहस इत्यादि अपराध केले असल्यास नाहीं. उलट भाडेकरू आपण होऊन निघून गेला तर वर्षाच्या भाड्याची बाकी त्यानें भरावी. नारदस्मृतींत भाड्यास ‘स्तोम’ म्हटलें असून, परक्याच्या जागेंत स्तोम देऊन घर बांधून राहिलेल्यानें जातेवेळीं आपलें गवत, लांकूड, विटा घेऊन जावें, असें सांगितलें आहे. या दोन्ही वचनांत घरधनी एक, भाडेकरू दुसरा, आणि राजा त्यांच्यामधला न्यायकर्ता, अशी व्यवस्था गृहीत आहे. राजसत्ता स्वतःच घरधनी झाली तर भाडें कोणत्या न्यायानें ठरवावें, हा प्रश्न निराळा आहे. मुंबईंत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला व अद्यापि मिटलेला नाहीं. त्याचा वृत्तांत थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

(१) ट्रस्टाच्या चाळी. इ. स. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची सांथ उद्भवली. दाट व कोंदट वस्ती हें तिच्या फैलावाचें कारण ठरवून १८९८ सालीं कायद्यानें ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याच ट्रस्टानें काढले. रस्ते काढावयाचे म्हणजे घरें पाडावयाचीं. आणि घर पाडलें म्हणजे त्यांतील माणूस कोठें तरी जावयाचाच. त्याच्यासाठीं ट्रस्टानें आग्रीपाडा, परळ इत्यादि ठिकाणीं स्वतःच्या चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें दीर्घकाळ वास्तव्य होतें, हें सर्वश्रुत आहे. १९३३ सालीं ट्रस्ट नगरपालिकेंत विलीन झाला व या चाळींचें स्वामित्व तिच्याकडे गेलें.

याच सुमारास विलायतेंतही हा प्रयोग चालू होता. १८९० च्या कायद्यानें मिळालेल्या अधिकारांत लंडनच्या काउंटी कौन्सिलानें शोरडिच भागांतील एक दरिद्री वस्ती पाडून तेथें ‘बाउंडरी इस्टेट’ उभारली. १९०० सालीं तिचें उद्घाटन झालें. घरें चांगलीं होतीं. परंतु मूळ वस्तींतील हजारों माणसांपैकीं फारच थोडीं तेथें परत आलीं, कारण भाडें त्यांच्या ऐपतीबाहेरचें होतें. घर सार्वजनिक मालकीचें झालें म्हणजे तें गरिबाचें होतेंच असें नाहीं, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

(२) डेव्हलपमेंट खात्याच्या चाळी. पहिल्या महायुद्धाच्या काळांत भाडीं भडकलीं. ग्लासगो शहरांत १९१५ सालीं भाडेकरूंनीं, विशेषतः स्त्रियांनीं, भाडें न देण्याचा संप केला व त्याच वर्षीं भाडेवाढीस आळा घालणारा कायदा पार्लमेंटास करावा लागला. मुंबईंत तसाच निर्बंध १९१८ च्या कायद्यानें आला. परंतु भाड्यास आळा घातल्यानें नवी खोली निर्माण होत नाहीं. म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं ‘बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हें खातें निघालें. मजुरांसाठीं एकखणी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर सुमारें वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, शौचकूप सामायिक, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. ‘बी. डी. डी. चाळी’ हें नांव त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून पडलें. खातें केव्हांच मोडलें, नांव मात्र राहिलें.

येथें बारकाईनें पाहण्याजोगी गोष्ट द्रव्याची आहे. बांधकामासाठीं मुख्यतः कर्ज काढलें होतें. शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठडीवर एक रुपया कर बसवून तूट भरून काढावी, अशी योजना होती. तथापि युद्धोत्तर महागाईंतील बांधकाम व त्यावरील व्याज यांचा हिशेब करून जें भाडें निघालें तें गिरणीकामगारास झेपणारें नव्हतें. सरकारास तें उतरवावें लागलें. तरीहि, विशेषतः वरळीस, कित्येक खोल्या वर्षानुवर्षें रिकाम्या पडून राहिल्या. इकडे गिरणगांवांत एकेका खोलींत दोन दोन कुटुंबें कोंडलेलीं आणि तिकडे सरकारी चाळी ओस! १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रह्यांच्या तात्पुरत्या तुरुंगासाठीं झाला. मजुरास आश्रय म्हणून बांधलेली वास्तु तुरुंगाच्या कामीं यावी, यापरतें त्या हिशेबाचें दुसरें भाष्य नको.

याच्या उलट उदाहरण व्हिएन्ना शहराचें. तेथील नगरपालिकेनें १९२३ सालीं निराळा गृहनिर्माण-कर बसविला; मोठ्या घरांवर तो चढत्या प्रमाणांत होता. त्याच्या उत्पन्नांतून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरें बांधलीं. कर्जाचें व्याज भाडेकरूच्या डोक्यावर नसल्यामुळें भाडें केवळ देखभालीपुरतें ठेवतां आलें. त्या नगरपालिकेनें आपलीं घरें विकलीं नाहींत. आजहि सुमारें दोन लक्ष वीस हजार घरें तिच्या मालकीचीं आहेत. भाडें परवडण्याजोगें राहतें तें दयेनें नव्हे, तर बांधकामाचा भार प्रथम कोणी उचलला यावरून, हा दुसरा धडा.

(३) शंभर वर्षांचा उपयोग. पुढें मुंबईंत माणसांची रीघ वाढली, भाडें तुलनेनें हलकें होत गेलें, आणि चाळी भरल्या. खासगी चाळींचें भाडें १९४७ च्या कायद्यानें गोठविलें होतें. तो कायदा सरकारी इमारतींस लागू नव्हता. तेथें भाडें कमी राहिलें तें सरकार स्वतः घरधनी होतें म्हणून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनीच्या किंमती आकाशास भिडल्या. तरी कोंकण-घाटावरून आलेल्या कामगारांचीं, शिपायांचीं, दलित कुटुंबांचीं मुलेंनातवंडें शहराच्या मध्यावर टिकून राहिलीं. हें त्या दुर्लक्षित स्वामित्वाचें फळ होय. देखभालीची हयगय हा मात्र या घरधन्याचा मोठा दोष होता, हेंहि नमूद केलें पाहिजे.

(४) स्वामित्वाचें विसर्जन. २०१७ सालापासून वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळींची पुनर्बांधणी म्हाडामार्फत हातीं घेतली गेली. जुन्या भाडेकरूस ५०० चौरस फुटांचें घर विनामूल्य व मालकीहक्कानें मिळतें. उरलेल्या जागेंत बांधलेलीं घरें विकून खर्च भागवावयाचा. २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या देण्यांत आल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांस हें घर मिळावें यांत अन्याय कांहींच नाहीं. तें त्यांचें न्याय्य प्राप्तव्य आहे.

प्रश्न त्यांच्यामागून येणाऱ्याचा आहे. इंग्लंडांत १९८० च्या कायद्यानें कौन्सिलाच्या भाडेकरूंस सवलतीनें घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तेव्हांपासून तेथें वीस लक्षांच्या जवळपास घरें विकलीं गेलीं. त्यांच्या जागीं तितकीं नवीं बांधलीं गेलीं नाहींत. विकलेल्या घरांपैकीं पुष्कळ पुनः खासगी घरधन्यांकडून चढ्या भाड्यानें दिलीं जाऊं लागलीं. अखेर स्कॉटलंडानें २०१६ सालीं व वेल्सनें २०१९ सालीं तो हक्क रद्द केला. विकलेलें घर एका कुटुंबाचें भलें एकदां करतें. राखलेलें घर पिढीमागून पिढी नव्या माणसाचें करतें. म्हणून पुनर्बांधणींत विक्रीसाठीं निघणाऱ्या घरांपैकीं कांहीं हिस्सा तरी सार्वजनिक मालकींत ठेवून माफक भाड्यानें द्यावा, असें इतिहासाच्या आधारें म्हणतां येतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. चाळी पाडल्या जात आहेत. त्यांबरोबर भाड्याच्या पावत्या, खोलीच्या बदलीचे अर्ज, चाळसमित्यांचीं टिपणें हेंहि रद्दींत जात आहे. पेशवाईंतील एखादी यादी मिळावी म्हणून आपण कोसच्या कोस तुडवितों. परंतु अमक्या सालीं खोलीस काय भाडें पडे व तें कोणाच्या मिळकतींत बसे, हें सांगणारा कागद आज वरळीच्या जिन्याखालीं वाळवीच्या तोंडीं आहे. तो आतांच गोळा केला नाहीं तर पुढील अभ्यासकास या प्रकरणाची एकच बाजू, सरकारी अहवालांची, उपलब्ध राहील.