संहिता कोणाच्या कुलपात?

संकेतस्थळ उभारण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे की खुले वापरावे? श्रोतेहो, हा प्रश्न बहुधा पैशांचा समजला जातो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

संकेतस्थळावर रोज नवा मजकूर चढवणे सोपे व्हावे म्हणून मिशेल वाल्द्रिगी यांनी २००१ मध्ये 'बी-टू' हे सॉफ्टवेअर लिहिले. पुढे त्यांनी काम थांबवले आणि वापरणारे अडचणीत आले. पण ते 'जीपीएल' परवान्याखाली दिलेले होते. म्हणजे त्याची मूळ संहिता, सोर्स कोड, कोणीही पाहावी, बदलावी, वाटावी. वाटताना मात्र हीच मुभा पुढच्यालाही द्यावी. अमेरिकेतले मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी ती संहिता हाती घेतली. २७ मे २००३ रोजी तिच्यातूनच 'वर्डप्रेस' बाहेर पडले.

'गोलाइव्ह'चे उलट झाले. वेबपृष्ठांच्या रचनेसाठी नावाजलेले हे सॉफ्टवेअर अडोबी कंपनीचे. २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडिया कंपनी विकत घेतली आणि 'ड्रीमविव्हर' हा गोलाइव्हचा प्रतिस्पर्धीही तिच्याकडे आला. २००८ मध्ये गोलाइव्ह बंद झाले. संहिता कंपनीच्या कुलपात राहिली. ज्यांचा हात त्यावर बसला होता, त्यांना दुसरे काही शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

व्यापारी सॉफ्टवेअर वाईट, असा याचा अर्थ नव्हे. खुल्या सॉफ्टवेअरलाही सांभाळणारी माणसे लागतात. फरक एवढाच, की पहिल्याने काम सोडले तर दुसऱ्याला ते उचलण्याचा हक्क असतो. सॉफ्टवेअर निवडताना किंमत आपण विचारतोच; हा हक्क मिळतो का, तेही विचारावे.