सेलेनियम आणि चोपन्न मुले

बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये स्वीडनमध्ये सापडलेल्या एका मूलद्रव्याला चंद्रावरून ‘सेलेनियम’ असे नाव दिले. पुढे दीर्घकाळ त्याची ख्याती विष म्हणूनच होती. १९५७ मध्ये श्वार्त्स आणि फोल्ट्झ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून ते शरीराला आवश्यक असल्याचे दाखवले. माणसाबाबतचा मोठा पुरावा मात्र चीनच्या खेड्यांतून आला.

हृदयाचा स्नायू निकामी करणारा एक रोग १९३५ मध्ये ईशान्य चीनमधील केशान परगण्यात नोंदला गेला आणि परगण्याचेच नाव त्याला पडले. त्याचे बळी प्रामुख्याने लहान मुले आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रिया. रोगग्रस्त भागांतील मातीत सेलेनियम अत्यल्प होते. म्हणून धान्यातही, आणि तेच धान्य खाणाऱ्यांच्या रक्तातही.

१९७४ मध्ये सिचुआनमधील मियाननिंग परगण्यात काही मुलांना दर आठवड्याला सोडियम सेलेनाइटची गोळी दिली गेली, तर काहींना औषध नसलेली. पहिल्या गटातील ४,५१० मुलांपैकी १० जणांना रोग झाला, दुसऱ्या गटातील ३,९८५ पैकी ५४ जणांना. पुढील वर्षीही तेच दिसले, तेव्हा १९७६ पासून सर्वांनाच खरी गोळी मिळू लागली.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे शिकलो ते वाचूनच. हे कोष्टक वाचताना मी दरवेळी त्या ५४ पाशी अडखळतो. त्याच चीनमधील एन्शी भागात साठच्या दशकात सेलेनियम अति झाल्याने लोकांचे केस आणि नखे गळाली होती. किती कमी पडते आणि किती जास्त होते, हे आपल्याला या दोन्हीकडच्या माणसांच्या देहांनी शिकवले. त्यांची नावे कोष्टकात नाहीत.