हरवलेले तीस हजार डाल्टन

सप्टेंबर 1976च्या ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त सिनसिनाटी विद्यापीठातील अ‍ॅलिस चिएन, डेव्हिड एडगर आणि जॉन ट्रेला यांचा आठ पानांचा शोधनिबंध आहे. यलोस्टोनमधल्या ‘मश्रूम स्प्रिंग’ या गरम झऱ्याच्या पाण्यातून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी जो जिवाणू वाढवला, 1969 साली ज्याचे ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ असे बारसे झाले, त्यातून या तिघांनी डीएनए जोडत नेणारे एक विकर वेगळे केले. ते 80 अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने काम करते, असे ते नोंदवतात. रेणुभाराचा आकडाही देतात: सुमारे 63,000 ते 68,000 डाल्टन.

याच विकराला आज आपण टॅक पॉलिमरेझ म्हणतो. 1989 साली फ्रान्सिस लॉयर आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक वाचून प्रसिद्ध केले. साखळी 832 अमिनो आम्लांची निघाली, म्हणजे रेणुभार सुमारे 94,000. हा आकडा जनुकाच्या अक्षरांवरून काढलेला असल्याने त्यात संशयाला जागा नाही. मग 1976च्या नमुन्यातले तीस हजार डाल्टन गेले कुठे?

पहिली शंका मोजणाऱ्यांवर जाते. पण 1980 साली कालेदिन आणि सहकाऱ्यांनी सोव्हिएत ‘बायोखिमिया’त याच जिवाणूच्या विकराचा भार 60 ते 62 हजार दिला आहे. दोन देशांतल्या दोन प्रयोगशाळा एकाच दिशेने चुकतात, तेव्हा निव्वळ हातून झालेली चूक म्हणून ते सोडून देता येत नाही.

दुसरी शंका पद्धतीवर. चिएन यांच्या निबंधात दोन मोजमापे आहेत: साखरेच्या चढत्या घनतेच्या द्रावणात विकर फिरवून, आणि सेफाडेक्स जी-100च्या स्तंभातून गाळून. इथे थोडे थांबायला हवे. रेणू लांबट असला तर पहिल्या पद्धतीत तो असतो त्याहून हलका भासतो आणि दुसरीत जड. टॅक खरोखरच लांबट आहे, हे 1995 साली त्याच्या स्फटिकरचनेतून दिसले. अखंड विकर दोन्ही परीक्षांना बसले असते, तर आकडे एकमेकांपासून दूर गेले असते. ते तर जवळपास जुळले. त्यामुळे आकाराचे कारण मला लंगडे वाटते.

तिसरा साक्षीदार कोर्टातला. सीटस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 17 जून 1987 रोजी दाखल केलेल्या अर्जावर अमेरिकन पेटंट क्रमांक 4,889,818 मिळाले. त्यात भार 86 ते 90 हजार सांगितला आहे. आधीच्यांचे विकर वेगळे आणि आमचे नवे, या दाव्याला हा आकडा सोयीचा होता. 1991 साली टॅक वापरून डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीचे, म्हणजे पीसीआरचे, सीटसकडचे हक्क रोश कंपनीकडे गेले आणि पुढे प्रोमेगा कंपनीशी या पेटंटवरून खटला उभा राहिला. त्यात प्रयोगवह्या उघडल्या गेल्या. पेटंटमधले सहावे उदाहरण भूतकाळात लिहिले होते, पण तसा प्रयोग प्रत्यक्षात झालाच नव्हता. डिसेंबर 1999 मध्ये न्यायाधीश वॉन वॉकर यांनी पेटंट कार्यालयाची दिशाभूल झाल्याचा निष्कर्ष काढून पेटंट अंमलबजावणीस अपात्र ठरवले. 2003च्या अपिलात काही मुद्दे उलटले, तरी क्रियापदाच्या काळाचा मुद्दा टिकला, आणि 2004 साली खालच्या न्यायालयाने पुन्हा तोच निकाल दिला. एका क्रियापदाचे रूप इतके वजनदार ठरलेले मी दुसऱ्या कुठल्या कागदपत्रात पाहिलेले नाही. मात्र पेटंट कसे मिळवले एवढेच यातून ठरते. 1976च्या नळीत काय होते, हे नाही.

त्याचा सर्वांत जवळचा पुरावा 1993चा आहे, आणि तो विकर मुद्दाम घडवणाऱ्यांकडून आला. लॉयर, सुझान स्टॉफेल आणि सहकाऱ्यांनी साखळीच्या सुरुवातीची 289 अमिनो आम्ले छाटली. समोरच्या डीएनएचा धागा खुडणारा भाग गेला, जोडणारा भाग शाबूत राहिला. उरलेला तुकडा 61 हजार डाल्टनचा. तो काम करतो, आणि उकळीजवळच्या तापमानाला अखंड विकराच्या सुमारे दुप्पट वेळ टिकतो. ‘स्टॉफेल फ्रॅगमेंट’ हे त्याचे नाव.

61 हजार, 60 ते 62 हजार, 63 ते 68 हजार: हे आकडे शेजारी मांडले की अंगावर काटा येतो. जिवाणू फोडल्यावर त्याच्याच प्रथिनभक्षक विकरांनी नेमका हाच सुरुवातीचा भाग कापला असेल, तर सगळे जुळते. चिएन यांच्या विकरात खुडण्याची क्रिया नव्हती, हेही या बाजूने मांडता येईल. पण त्यांनी तपासला तो एकपदरी डीएनए, आणि टॅकचा हा भाग मुख्यतः दुपदरी रचनेवर चालतो. म्हणून हा पुरावा मी जमेला धरत नाही.

तुकड्याचा तर्क मी संभाव्य मानतो, सिद्ध नाही. निश्चित आहे ते एवढेच: टॅक पॉलिमरेझ वेगळे करून त्याचे पहिले वर्णन छापले ते चिएन, एडगर आणि ट्रेला यांनी, 1976 साली.