विकास योजना (लहान शहराची)

नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीतील कोणती जमीन कशासाठी वापरायची, कुठून रस्ता जाणार आणि कोणती जागा शाळेला, बागेला, बाजाराला राखून ठेवायची हे ठरवणारा नकाशा, त्याचा अहवाल व नियम यांना मिळून विकास योजना म्हणतात. बोलण्यात तिचे नाव ‘डीपी’. महाराष्ट्रात तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्याआधी मुंबई इलाख्यात १९१५ चा व नंतर १९५४ चा नगररचना कायदा होता. १९१५ च्या कायद्यात भर होता तो एकेका भागाची जमीन एकत्र करून नव्याने भूखंड पाडणाऱ्या नगररचना योजनांवर. सगळ्या शहराचा एकच नकाशा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली ती १९५४ च्या कायद्याने.

दहा ते पंचवीस हजार लोकवस्तीच्या गावाला नगर पंचायत असते. त्यापुढे ४० हजारांपर्यंत ‘क’ वर्ग, एक लाखापर्यंत ‘ब’ वर्ग आणि त्यावर ‘अ’ वर्ग नगर परिषद. २०१४ नंतर तालुक्याच्या अनेक गावांना नगर पंचायतीचा दर्जा मिळाला, पण दर्जा एका अधिसूचनेने मिळतो आणि डीपीला वर्षे लागतात. मधल्या काळात प्रादेशिक योजनेतील विभाग आणि जमीन महसूल संहिता यांवर काम चालते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातील जमिनीला निवासी बिनशेतीसाठी सवलत देणारे कलम (४२-ड) २०१७ मध्ये संहितेत आले, ते अशा गावांना विशेष लागू पडते.

योजनेची सुरुवात इरादा जाहीर करण्याने होते (कलम २३). त्यानंतर नगररचना अधिकारी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतो: कुठे घरे, कुठे ऊस, कुठे वीटभट्टी, कुठे नुसता पडीक माळ. योजनेचा दर्जा इथेच ठरतो. मोजणीच्या जुन्या नकाशावर एक गट दिसतो, पण प्रत्यक्षात त्याचे दहा हिस्से होऊन त्यावर घरे उभी राहिलेली असतात. हे पाहणीत सुटले तर पुढे एखाद्याच्या स्वयंपाकघरातून बारा मीटरचा डीपी रोड जातो. पाणंद, ओढा, स्मशानाची वाट, आठवडे बाजाराचा तळ या गावाच्या खऱ्या खुणा असतात आणि नकाशावर सर्वांत सहज पुसल्या जातात त्याही याच.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नकाशा नगर परिषदेच्या सभागृहात भिंतीवर लागतो. निवासी भाग पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, शेती हिरवी. बघायला आलेला माणूस मात्र रंगांकडे नंतर बघतो. आधी बोटाने आपला गट नंबर शोधतो, मग त्यावर आरक्षण पडले आहे का ते पाहतो, आणि मग शेजाऱ्याच्या जमिनीवर का पडले नाही हे विचारतो. हरकती बहुतेक याच तिसऱ्या प्रश्नाच्या असतात. बागेसाठी किंवा दवाखान्यासाठी अधिक जागा ठेवा अशी सूचना क्वचितच येते, कारण ती जागा कुणाची तरी असते आणि तो माणूस ओळखीचा असतो. मोठ्या शहरात नियोजनाला जी अनामिकता असते ती इथे नाही.

हरकतींची सुनावणी नियोजन समिती घेते (कलम २८). तीत नगर परिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर फेरबदलांसह योजना शासनाकडे जाते आणि कलम ३१ खाली मंजूर होते. शासनाला मोठे बदल करावेसे वाटले तर तेवढा भाग वगळून बाकीची योजना मंजूर होते आणि वगळलेल्या भागावर नव्याने हरकती मागवल्या जातात. त्यामुळे एकाच गावाची योजना अंशतः मंजूर व अंशतः प्रलंबित अशी वर्षानुवर्षे राहू शकते. अशा काळात जमीन घेणाऱ्याने नुसत्या सात-बारावर विसंबू नये. नगर परिषदेकडून झोन दाखला व भाग नकाशा घ्यावा लागतो.

योजनेचे सर्वांत दुबळे अंग म्हणजे आरक्षण. आरक्षण टाकायला शाई पुरते, जमीन ताब्यात घ्यायला पैसा लागतो. कलम १२६ प्रमाणे ती तीन वाटांनी मिळवता येते: वाटाघाटीने विकत घेऊन, मोबदल्यात चटई क्षेत्र निर्देशांक किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊन, अथवा सक्तीच्या भूसंपादनाने. घरपट्टी-पाणीपट्टीवर आणि शासकीय अनुदानावर चालणाऱ्या नगर परिषदेला पहिली व तिसरी वाट सहसा परवडत नाही. दुसरी कागदावर फुकट आहे, पण टीडीआर विकत घ्यायला उंच इमारती बांधणारा बिल्डर हवा आणि ती इमारत पेलणारा रुंद रस्ता हवा. जिथे लोक अजून एकमजली घर बांधून गच्चीवर सळया सोडून ठेवतात, तिथे टीडीआरला गिऱ्हाईक नसते. मालकाला काही भाग स्वतः वापरू देऊन उरलेला नगर परिषदेकडे घेण्याची समावेशक आरक्षणाची पद्धत त्यामानाने व्यवहार्य ठरते.

संपादन झाले नाही तर काय, याचे उत्तर कलम १२७ देते. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस बजावू शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिने होती. ती २००९ मध्ये १२ आणि २०१५ मध्ये २४ महिने झाली. ‘पावले’ म्हणजे काय यावर बराच वाद झाला. नगर परिषदा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवत आणि पाऊल टाकले असे म्हणत. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुरेसे मानले नाही, आणि २०१३ मध्ये श्रीरामपूर नगर परिषदेच्या प्रकरणात तोच अर्थ कायम केला. त्यानंतर खरेदीची नोटीस देणे हा जमीनमालकांचा नेहमीचा मार्ग झाला. आरक्षण सुटले की जमीन शेजारच्या जमिनीसारखी वापरता येते, म्हणजे बहुधा प्लॉटिंग होते.

योजनेची उजळणी २० वर्षांनी अपेक्षित आहे (कलम ३८), पण गाव इतका वेळ थांबत नाही. मधल्या बदलांसाठी कलम ३७ आहे. योजनेचे मूळ स्वरूप न बदलणारे किरकोळ फेरबदल त्याखाली सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, हरकती मागवून, शासनाच्या मंजुरीने होतात. ‘ग्रीन झोनमधून यलो झोनमध्ये’ जमीन आणण्याचे प्रस्ताव याच दाराने येतात. एकेक प्रस्ताव खरोखरच किरकोळ असतो. मात्र बायपासच्या कडेचे दहा प्रस्ताव मंजूर झाले की गावाची वाढ नकाशाने ठरवलेल्या दिशेला न जाता हमरस्त्याला जाऊन चिकटते, आणि पाण्याची वाहिनी व गटार तिच्यामागून धावू लागते.

ज्यांना हाही मार्ग लांबचा वाटतो ते गुंठ्यांनी जमीन घेतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा असताना शंभर रुपयांच्या मुद्रांकावरच्या नोटरीने, बिनशेती व मंजूर ले-आऊट नसताना झालेल्या या व्यवहारांतून वसाहती उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा झाला. १ जानेवारी २००१ ही त्याची मूळ मर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. मर्यादा एकदा सरकली की पुन्हा सरकेल असा हिशेब लोक करतात, आणि तो अगदी चुकीचा म्हणता येत नाही.

मंजूर ले-आऊटमध्येही एक जागा कायम वादाची असते. ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या जागेत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. कागदावर ती मुलांच्या खेळण्यासाठी. प्रत्यक्षात तिच्या कोपऱ्यात प्रथम एक छोटे मंदिर येते, मग त्यापुढे पत्र्याचा मंडप, मग आमदार निधीतून सभागृह. शेजारी राहणाऱ्यांची त्याला हरकत नसते, किंवा असली तरी ती लेखी नसते.

नदीकाठच्या गावांत योजनेवर आणखी एक नकाशा येऊन बसतो. जलसंपदा विभाग निळी व लाल पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन्हींच्या मध्ये अटींवर. वाशिष्ठी व शिव नद्यांमधल्या चिपळूणला २००५ व २०२१ मध्ये मोठे पूर आले आणि त्यानंतर पूररेषेवरून वाद झाला. बाजारपेठच रेषेत आली तर जुन्या इमारतीचा पुनर्विकास कसा करायचा, हा त्यातला कळीचा प्रश्न. माथेरान, महाबळेश्वर व पाचगणी या गिरिस्थानांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध असल्याने तिथले नियम वेगळे आहेत.

बांधकामाचे नियम पूर्वी गावोगाव निराळे होते. २ डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबई व काही अपवाद सोडून राज्यभर एकच चौकट आणली. परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाल्याचे मानण्याची तरतूद मूळ अधिनियमातच आहे (कलम ४५), अट एवढीच की आराखडा नियमांत बसणारा हवा. विनापरवाना कामाला कलम ५२ व ५३ खाली नोटीस निघते. लहान शहरात ती पाडकामापर्यंत क्वचितच पोहोचते.