जुने खेळ, नवी यंत्रे

नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मार्गाची आगगाडी आमच्या सौंसर-बोरगावकडील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात अजून आहे. 2015 साली ती बंद झाली व पुढे तेथे रुंद मार्ग आला. अडीच फुटांच्या रुळांसाठी घडविलेली इंजिने त्यावर धावणे शक्य नव्हते. परंतु अशा इंजिनांना नागपुरास मोतीबागेच्या संग्रहालयात आसरा तरी आहे. जागच्या जागी उभे असले, तरी इंजिन हे इंजिनच दिसते. संगणकावरील खेळाचे तसे नाही. तो चालेल तरच खेळ. एरवी ती तबकडीवरील आकड्यांची निर्जीव रास होय.

1981 साली आय. बी. एम. कंपनीने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्यातील इंटेल 8088 हा प्रोसेसर सेकंदास सुमारे 47 लाख 70 हजार ठोके घेई. पुष्कळ खेळकर्त्यांनी हीच गती कायमची मानली. पात्राने पाऊल टाकल्यावर क्षणभर थांबावे, एवढ्यासाठी ते प्रोसेसरला काही हजार वेळा निरर्थक मोजणी करावयास लावीत. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, मोजणी डोळ्याचे पाते लवते न लवते तो संपू लागली आणि खेळातील वीर पिसाटासारखे धावू लागले. म्हणून यंत्रांवर 'टर्बो' नावाचे बटन आले. नाव वेगाचे; पण त्याचा खरा उपयोग वेग घटविण्याचा!

1993 साली पेंटियम आला. त्याच्या निर्मितीत अग्रभागी असलेले विनोद धाम हे जन्माने पुण्याचे. त्याच सुमारास माझे कैलासवासी वडील बंधू नागपुरास शिकत असताना टर्बो पास्कल भाषेत वाघबकरीचा खेळ लिहीत होते. काही वर्षांनी घरी नवे यंत्र आले, तेव्हा तो खेळ उघडेनाच. 'दोषांक 200, शून्याने भागाकार' असे उत्तर येई. शून्य तर कोठेच नव्हते! टर्बो पास्कलची सिद्ध सामग्री आरंभी 55 सहस्रांश सेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजून त्या संख्येस 55 ने भागी. प्रोसेसरची गती सुमारे 200 मेगाहर्ट्झच्या पुढे गेली की भागाकार 65,535 च्या वर जाई, 16 बिटांच्या जागेत मावत नसे, आणि खेळाची पहिली ओळ येण्यापूर्वीच सर्व आटोपे. बंधूंनी तो नाद सोडला.

दुसरा अडसर याहून कठीण निघाला. 1985 च्या 80386 मध्ये जुन्या 8086 चे सोंग घेण्याची सोय होती. 2003 साली ए. एम. डी. ने आणलेल्या 64 बिटांच्या पद्धतीत, ती पद्धत चालू असताना, ही सोय मिळत नाही. म्हणून 64 बिटांचे विंडोज डॉसचे खेळ स्वीकारीतच नाही.

यावर उपाय एकच: जुना संगणक नव्याच्या पोटात शब्दशः वठवावयाचा. 2002 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला डॉसबॉक्स हेच करतो. तो जुन्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा वाचून तिचे काम स्वतः करतो, आणि ठोके किती घ्यावयाचे हे आपल्या हाती ठेवतो. 2015 च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने दोन हजारांहून अधिक डॉस-खेळ याच मार्गाने सर्वांस खुले केले. अर्थात तबकडी सापडली पाहिजे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या मूळ तबकड्या 2012 साली त्यांच्या वडिलांना घर आवरताना सापडल्या.

आमच्या बोरगावच्या घरी माळ्यावर बंधूंची फ्लॉपी गेल्या दिवाळीत निघाली. त्यांच्या मुलाने ती संगणकास लावली व आम्ही डॉसबॉक्समध्ये ठोके कमी करीत गेलो. प्रथम तोच दोषांक. मग एकाएकी पट उमटला. चाल वाघाची होती. वाघ पूर्वीप्रमाणेच विचारास तीन-चार सेकंद घेई.

"काका, किती वेळ लावतो हा!" असे म्हणून पुतण्याने वेग वाढविण्यास हात पुढे केला. मी तो धरला.