कोंडून ठेवून कुणी मोकळं होतं का? पंथ सोडलेल्या माणसांच्या उपचारांचा इतिहास

घरातलं पोरगं कुठल्यातरी बाबाच्या नादी लागलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो. "उचलून आणा, खोलीत कोंडा, चार दिवसांत डोकं ताळ्यावर येईल." अमेरिकेत हा सल्ला वीसेक वर्षं अक्षरशः अमलात आणला गेला. त्याचं पुढे काय झालं, ते आपल्याला माहीत असलेलं बरं. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

१९७१ साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर 'चिल्ड्रन ऑफ गॉड' पंथाच्या लोकांनी टेड पॅट्रिक नावाच्या माणसाच्या मुलाला गाठलं. मुलगा घरी आला, पण बाप हादरला. तो स्वतः त्या पंथात काही दिवस राहून आला आणि मग त्याने 'डिप्रोग्रॅमिंग' सुरू केलं. पालकांनी बोलावलं की पॅट्रिकची माणसं सज्ञान मुलामुलींना गाडीत कोंबत, खोलीत अडकवून ठेवत आणि श्रद्धा तुटेपर्यंत त्यांच्याशी वाद घालत. पॅट्रिकला मानसशास्त्राचं कसलंही शिक्षण नव्हतं. काही मुलं खरंच बाहेर आली, हेही खरं. पण शेवटी अपहरणाच्या गुन्ह्यात तो स्वतःच तुरुंगात गेला.

या सगळ्याच्या कितीतरी आधी रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने हाँगकाँगमध्ये बसून माओच्या चीनमधून सुटून आलेल्या ४० जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. 'विचारसुधारणा' या गोंडस नावाखाली त्यांचं मन मोडलं गेलं होतं. १९६१ च्या पुस्तकात लिफ्टनने अशा व्यवस्थांच्या ८ खुणा मांडल्या. बाहेरच्या माहितीवर ताबा, कबुलीजबाबाची सक्ती, ठरावीक शब्दांतच विचार करायला लावणं, आणि आपल्यात नाही त्याला जगण्याचाच हक्क नाही ही भावना, अशा त्या खुणा. सत्तरीत पंथांतून बाहेर पडलेल्यांना यात आपलीच गोष्ट दिसली. आता पॅट्रिकची ती खोली आठवा. बाहेरचा संपर्क बंद, एकच विषय, मान्य करशील तेव्हाच सुटशील. म्हणजे पंथाचंच हत्यार उलटं धरलेलं!

१८ नोव्हेंबर १९७८ ला गयानात जोन्सटाउन घडलं. ९१८ माणसं मेली, त्यांत ३०० हून जास्त मुलं. अमेरिकेतला प्रत्येक धास्तावलेला बाप त्यानंतर काहीही करायला तयार होता, आणि त्याला दोष देणं मला तरी जमत नाही.

पण खरं काम दुसरीकडे, शांतपणे चाललं होतं. बर्कलीच्या मार्गारेट सिंगर पंथ सोडलेल्यांचे गट चालवत होत्या. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं छापली. बाहेर आलेल्या माणसाला साधा दिवस कसा घालवायचा हे कळेना, कारण इतकी वर्षं प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतलेला. मध्येच तंद्री लागायची. मागे राहिलेल्या मित्रांना सोडून आलो याची टोचणी. घरची माणसं सतत न्याहाळतायत, पुन्हा जाईल का म्हणून, आणि आपण काचेच्या पेटीतला मासा झालोय असं वाटणं. यातला एकही त्रास वादात जिंकून सुटणारा नव्हता. तशाच अनुभवातून गेलेल्या माणसांशी बोलणं, झोप, काम, वेळ, हेच औषध होतं.

जबरदस्तीचा शेवट कोर्टात झाला. १९९१ मध्ये १८ वर्षांच्या एका तरुणाला आईच्या सांगण्यावरून उचलून ५ दिवस डांबलं. त्याने पटल्याचं नाटक केलं, संधी मिळताच पळाला आणि थेट पोलिसांकडे गेला. १९९५ मध्ये ज्युरीने जबर भरपाई ठोठावली. त्यात 'कल्ट अवेअरनेस नेटवर्क' ही संस्था दिवाळखोर झाली आणि तिचं नाव सायंटॉलॉजीच्याच माणसाने विकत घेतलं. म्हणजे आपलं पोर पंथात अडकलंय म्हणून मदतीला फोन करावा, तर तो कुठे लागायचा बघा!

१९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी युद्धकैदी, मार खाणाऱ्या बायका आणि पंथात अडकलेली माणसं यांच्या जखमा एकाच जातीच्या आहेत असं मांडलं. त्यांचा क्रम साधा आहे. आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक, मग माणसांत परतणं. मार्लीन विनेल यांनी पुढे, २०११ मध्ये, 'धार्मिक आघात' याला वेगळं नाव दिलं. ते अधिकृत निदान नाही, पण आपल्याला झालंय काय हे सांगायला अनेकांना त्याचा उपयोग झाला. आणि 'थेरपी' शब्दालाही लगेच भुलू नका. पुण्यात कोरेगाव पार्कच्या आश्रमात सत्तरीत थेरपीच्याच नावाने चाललेल्या गटांत मारहाण व्हायची.

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे माणूस बऱ्याचदा पंथात 'जात' नाही, जन्मतो. बाहेर पडला की घर, सोयरीक, दुकानाचं गिऱ्हाईक, मयताला खांदा, सगळं तुटतं. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा तो रद्द केला. विरोधात एकटे सरन्यायाधीश सिन्हा. तो निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये ९ न्यायमूर्तींच्या पीठाकडे धाडला गेला. दरम्यान जातपंचायतींविरुद्धच्या लढ्यातून महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आला, २०१७ पासून लागू. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाळीत टाकणाऱ्याला शिक्षा आहे. वाळीत टाकलेल्या बाईला रात्री झोप लागत नाही, सणाच्या दिवशी हात थरथरतात, देवळावरून जाताना पाय अडखळतात. तिने तालुक्याच्या गावात कोणाकडे जायचं? तुमच्या भागात असं काम करणारं कोणी असेल तर कमेंटमध्ये सांगा. मात्र पीडित माणसाचं नाव, गाव लिहू नका.